मधुचंद्राच्या व्हाउचरवर खोलीचे खरे वर्णन हवे

प्रति,
मा. संपादक,
सविनय नमस्कार.

लग्नसराई ओसरू लागली की आपल्या पर्यटन पुरवणीत मधुचंद्राच्या परदेश सहलींच्या जाहिराती दिसू लागतात आणि पुढे महिना-दीड महिन्याने त्याच सहलींविषयीच्या तक्रारी वाचकांच्या पत्रांमधून येऊ लागतात. अलीकडच्या पत्रांमध्ये लंडनच्या स्वस्त हॉटेलांचा उल्लेख वारंवार आला. खोली एवढीशी होती, सामान ठेवायला जागा नव्हती, लिफ्ट नव्हती, खिडकीतून फक्त भिंत दिसत होती, थोडक्यात फसवणूक झाली, असा त्या पत्रांचा सूर आहे. लंडनमध्ये पॅडिंग्टन स्थानकाजवळच्या एका लहान हॉटेलात मी अनेक वर्षे रिसेप्शनवर काम केले असल्यामुळे या तक्रारी मी काउंटरच्या पलीकडून ऐकलेल्या आहेत. त्यांतल्या निम्म्या तक्रारी हॉटेलावर अन्याय करणाऱ्या असतात, तर उरलेल्या अगदी खऱ्या असतात. मात्र त्यांचा रोख चुकीच्या माणसाकडे असतो. खोली लहान असणे ही फसवणूक नव्हे. ती किती लहान आहे, कोणत्या मजल्यावर आहे आणि तिच्यातला पलंग किती रुंद आहे, हे पैसे घेताना न सांगणे ही फसवणूक आहे आणि ती बहुतेक वेळा लंडनमध्ये होत नाही, तर सहल विकली जाते तिथे होते.

आधी त्या इमारतींविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण त्या समजल्याशिवाय तिथल्या खोल्या समजत नाहीत. पॅडिंग्टनचे आजचे स्थानक १८५४ साली सुरू झाले. किंग्ज क्रॉस त्याच्या दोन वर्षे आधीचे, व्हिक्टोरिया १८६० चे आणि सेंट पँक्रस १८६८ चे. या स्थानकांच्या आसपास सलग रांगेने उभी असलेली चार-पाच मजली घरे दिसतात, ती मुळात हॉटेले म्हणून बांधलेली नव्हती. नोकरचाकर बाळगणाऱ्या एकेका सुखवस्तू कुटुंबासाठी ती बांधली गेली. तळघरात स्वयंपाकघर, पहिल्या दोन मजल्यांवर उंच छताचे दिवाणखाने, त्यावर कुटुंबाच्या झोपण्याच्या खोल्या आणि अगदी वर, उतरत्या छपराखाली, मोलकरणींच्या खोल्या अशी त्यांची रचना असे. विसाव्या शतकात एवढे मोठे घर आणि एवढे नोकर सांभाळणे सामान्य श्रीमंतालाही जमेना, तेव्हा त्यांतली अनेक घरे खोल्या-खोल्यांनी भाड्याने दिली गेली आणि पुढे त्यांचीच हॉटेले झाली. ससेक्स गार्डन्स, नॉरफोक स्क्वेअर, अर्ल्स कोर्टचा परिसर, व्हिक्टोरियाजवळचा बेलग्रेव्ह रोड, किंग्ज क्रॉससमोरचा आर्गाइल स्क्वेअर इथली बरीचशी स्वस्त हॉटेले या वंशावळीतली आहेत.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की पुढचे आपोआप उलगडते. दिवाणखान्याच्या मधोमध पार्टिशन घालून दोन खोल्या केल्या, म्हणून एकीच्या छताची नक्षी भिंतीपाशी मध्येच तुटते. प्रत्येक खोलीला स्वतंत्र स्नानगृह हवे असा आग्रह पाहुण्यांकडून होऊ लागला, तेव्हा खोलीचाच एक कोपरा कापून त्यात शॉवर, बेसिन आणि कमोड बसवले गेले. ते इतके दाटीने बसवलेले असतात, की बेसिनवर वाकलेल्या माणसाची पाठ शॉवरच्या दाराला लागते. तळघरातल्या स्वयंपाकघराची खोली झाली. तिच्या खिडकीबाहेर रस्त्याच्या पातळीखालचा अरुंद चौक असतो आणि वर नजर टाकली तर फुटपाथवरून जाणाऱ्यांचे बूट दिसतात. मोलकरणींच्या खोल्या तशाच राहिल्या, फक्त त्यांचे दर पौंडांत छापले जाऊ लागले. लिफ्ट का नाही, असा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. यांतल्या पुष्कळ इमारती संरक्षित वारशाच्या यादीत आहेत आणि अशा इमारतीच्या वैशिष्ट्यांना हात लावणारा बदल स्थानिक प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय करणे हा १९९० च्या कायद्याप्रमाणे फौजदारी गुन्हा आहे. जिथे परवानगी मिळू शकते तिथेही जिन्याभोवती लिफ्टच्या उभ्या पोकळीला जागा सापडत नाही. सापडली तर प्रत्येक मजल्यावरची एकेक खोली जाते आणि मग हॉटेल स्वस्त राहत नाही.

तेव्हा चौथ्या मजल्यापर्यंत गालिचा अंथरलेल्या, वळणावळणाच्या अरुंद जिन्यावरून तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा वर न्याव्या लागल्या, ही तक्रार मी समजू शकते. पण ती त्या इमारतीविरुद्ध करता येणार नाही. मेंदीचा रंग अजून न उतरलेली, हातात हिरवा चुडा असलेली मुलगी जिन्याच्या वळणावर बॅग टेकवून थांबली आहे आणि वरच्या पायरीवरून नवरा ‘अजून एकच मजला’ असे तिसऱ्यांदा सांगतो आहे, हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे, की त्या जिन्याची लांबी मला त्या मुलींच्या चेहऱ्यांवरूनच कळत असे. त्यांना खालची खोली द्यावी असे मनात येऊनही मला ती पुष्कळदा देता येत नसे. का देता येत नसे, हाच या पत्राचा खरा विषय आहे.

मधुचंद्राची सहल विकणारा स्थानिक एजंट हॉटेलाशी थेट व्यवहार क्वचितच करतो. तो एखाद्या घाऊक पुरवठादाराच्या संगणकप्रणालीवरून खोली घेतो, तो पुरवठादार कधी कधी दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतो आणि शेवटच्या टोकाला असलेल्या हॉटेलाने आपल्या काही खोल्या करारातल्या ठरीव, पडेल दराने त्या साखळीला दिलेल्या असतात. या दराच्या खोल्यांना आमच्या धंद्यात ‘रन ऑफ हाउस’ म्हणत. त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की पाहुण्याला नेमकी कोणती खोली द्यायची हे हॉटेल त्या दिवशी ठरवणार. खोली अमुक मजल्यावरची किंवा अमुक आकाराची असेल, असे कोणतेही वचन त्यात नसते. ज्याने जास्त पैसे भरून स्वतः खोली घेतली त्याला पहिल्या मजल्यावरची उंच खिडकीची खोली मिळते आणि सर्वांत कमी दराच्या व्हाउचरवाल्याला उरलेली मिळते. उरलेली म्हणजे तळघर किंवा छपराखालची. एजंटाने ज्या जोडप्याला ‘हनिमून स्पेशल’ म्हणून सहल विकलेली असते, ते आमच्या पडद्यावर या शेवटच्या गटात दिसे. केक, फुले, खोलीची सजावट या गोष्टी आरक्षणाच्या तळाशी ‘शक्य असल्यास’ या शेऱ्यासह येत, म्हणजे त्यांचे पैसे आमच्यापर्यंत आलेले नसत. एजंटाने ते घेतले होते की नव्हते, हे मला सांगता यायचे नाही. जोडप्याच्या हातातल्या रंगीत कागदावर मात्र ते ‘समाविष्ट’ या शीर्षकाखाली छापलेले असत.

त्या रंगीत कागदावर आणखी एक वाक्य हमखास असते. ‘लंडन : तीन तारांकित हॉटेल अमुक किंवा तत्सम.’ संपादक महोदय, या ‘किंवा तत्सम’ने जेवढे मधुचंद्र नासवले आहेत, तेवढे लंडनच्या पावसानेही नासवले नसतील. तत्सम म्हणजे कशाच्या बाबतीत सारखे, हे कुठेही लिहिलेले नसते. पॅडिंग्टनच्या हॉटेलाऐवजी हीथ्रो विमानतळाच्या कुंपणालगतचे हॉटेल दिले तर ताऱ्यांच्या हिशेबाने ते कदाचित सरसच असेल, खोलीही मोठी असेल, लिफ्टही असेल. पण ज्या दोघांना रात्री थेम्सच्या काठाने हिंडून चालत किंवा थोड्या प्रवासात परत यायचे होते, त्यांना ते कोणत्याच अर्थाने तत्सम नाही. ताऱ्यांचे म्हणाल तर ब्रिटनमध्ये हॉटेलांना तारे देणारी सक्तीची सरकारी पद्धत नाही. तपासणी करून तारे देणाऱ्या योजना आहेत, पण त्यांत भाग घेणे हॉटेलाच्या इच्छेवर असते. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर दिसणारे तारे अनेकदा हॉटेलाने स्वतःच सांगितलेले असतात. म्हणून ‘तीन तारांकित’ या दोन शब्दांवर विसंबून कोणी काही लाखांचा व्यवहार करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पलंगाविषयी मात्र सविस्तर लिहायलाच हवे, कारण नवपरिणित जोडप्याला त्याविषयी विचारायला संकोच वाटतो आणि त्या संकोचाचा फायदा सगळी साखळी उठवते. ब्रिटनमध्ये नुसता ‘डबल’ म्हणून जो पलंग मिळतो त्याची प्रमाणित रुंदी १३५ सेंटिमीटर, म्हणजे साडेचार फूट असते. ‘स्मॉल डबल’ म्हणून आणखी एक प्रकार आहे. तो १२० सेंटिमीटर, म्हणजे चार फुटांचा. तिथला ‘किंग’ १५० सेंटिमीटरचा, म्हणजे पाच फुटांचा. ‘डबल बेड’ या शब्दांनी आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर सहा फुटांचा पलंग येतो आणि तिथे पोहोचल्यावर समोर चार फुटांचा पलंग भिंतीला टेकवून ठेवलेला दिसतो. म्हणजे आतल्या बाजूला झोपणाऱ्याने उठायचे तर दुसऱ्याला उठवायचे. याहून वाईट म्हणजे व्हाउचरवर ‘ट्विन/डबल’ असे मोघम लिहिलेले असते. ट्विन म्हणजे दोन स्वतंत्र एकेरी पलंग. हॉटेलात त्या रात्री ट्विन रिकामी असेल तर व्हाउचरप्रमाणे ती देणे चूक ठरत नाही. दोन एकेरी पलंग जोडून वर एक चादर घालून द्यायची पद्धत आहे, तीही मी पुष्कळदा वापरली आहे. पण लहान खोलीत मध्ये बसवलेले टेबल भिंतीला स्क्रूने पक्के केलेले असते, तिथे तीही सोय नसते. लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात लाजत काउंटरवर येऊन, आवाज अगदी खाली आणून, पलंग बदलून मिळेल का, असे विचारणाऱ्या मुलाला नाही म्हणणे हे माझ्या नोकरीतले सर्वांत नकोसे काम होते. ‘पलंग एकच हवा, १५० सेंटिमीटरचा’ हे एक वाक्य एजंटाने आरक्षणाबरोबर लेखी पाठवले असते आणि हॉटेलाचे होकाराचे उत्तर घेतले असते, तर त्या मुलाला खाली यावेच लागले नसते.

स्नानगृहाच्या बाबतीतही हेच घडते. काही स्वस्त हॉटेलांमध्ये खोलीत फक्त बेसिन असते आणि शॉवर व शौचालय त्याच मजल्यावरच्या चार-पाच खोल्यांना मिळून असते. संकेतस्थळावर ते स्पष्ट लिहिलेले असते. पॅकेजच्या पत्रकात उतरेपर्यंत ते गळून पडते. जे खोलीतच स्नानगृह असलेली खोली घेतात, त्यांनाही काही गोष्टी नव्या वाटतात. दिव्याचे बटण आत नसून छताला टांगलेली दोरी ओढायची असते, शेव्हरखेरीज दुसरे काही लावायला सॉकेट नसते, त्यामुळे केस वाळवायचे यंत्र खोलीत असते. हे सुरक्षेच्या नियमांमुळे आहे, गैरसोय म्हणून केलेले नाही. याहून अधिक त्यावर लिहिण्यासारखे काही नाही.

‘सेंट्रल लंडन’ या शब्दांविषयी थोडे लिहिते. लंडनच्या वाहतूक व्यवस्थेने भाड्यासाठी शहराचे परिमंडळे, म्हणजे झोन पाडले आहेत. पर्यटकाला पाहायच्या बहुतेक गोष्टी झोन एकमध्ये असतात. एजंटाला ‘हॉटेल कोणत्या झोनमध्ये आहे आणि जवळचे भुयारी रेल्वेचे स्थानक कोणते’ एवढे विचारले, तर ‘सेंट्रल’ या शब्दाची खरी किंमत लगेच कळते. पॅडिंग्टनची स्वस्त हॉटेले आपल्या त्रुटींसह का चालतात, याचे उत्तर स्थानकातच आहे. २०२२ च्या मे महिन्यात सुरू झालेली एलिझाबेथ लाइन ही रेल्वेसेवा हीथ्रोवरून पॅडिंग्टनला अर्ध्या तासाच्या आसपास आणून सोडते आणि भाडे सहसा हीथ्रो एक्स्प्रेस या जलद गाडीपेक्षा कमी पडते. अर्ल्स कोर्ट आणि किंग्ज क्रॉसच्या बाजूला उतरणाऱ्यांना पिकॅडिली लाइन एकाच गाडीने नेते. नव्या जोडप्यांचा इथे एक हमखास घोटाळा होतो, तो सांगून ठेवते. स्थानकाच्या फाटकावर बँकेचे कार्ड टेकवून आत जाता येते, पण एका कार्डावर एकाच माणसाला जाता येते. दोघांमध्ये एकच फॉरेक्स कार्ड, म्हणजे परदेशी चलन भरलेले कार्ड, घेऊन आलेली जोडपी विमानतळावरच्या फाटकाशी अडकून पडल्याचे मी अनेकांकडून ऐकले आहे. प्रत्येकाचे वेगळे कार्ड हवे आणि दिवसभर तेच वापरायला हवे, तरच दिवसाच्या कमाल भाड्याच्या मर्यादेचा लाभ मिळतो.

आता हॉटेलाच्या बाजूने दोन शब्द लिहिले नाहीत तर ते न्यायाचे होणार नाही. सकाळच्या विमानाने उतरून, खोली दुपारी दोन किंवा तीनला मिळणार हे ठाऊक नसताना आठ वाजता दारात आलेल्या जोडप्यांचे सामान आम्ही पायऱ्यांखालच्या कोठडीत ठेवून घेत असू आणि तळघरातल्या न्याहारीच्या खोलीत त्यांना तोंड धुऊन चहा घेता येईल एवढी सोय करत असू. हे कुठल्याही करारात नव्हते. स्वस्त हॉटेलातला माणूस बहुतेक वेळा स्वतःही स्थलांतरितच असतो आणि थकलेला प्रवासी कसा दिसतो हे त्याला चांगले कळते. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळणाऱ्या त्या शहरात खोलीतला रेडिएटर चालतो आहे की नाही हे आम्ही पाहुणा येण्याआधी हात लावून पाहत असू. गाद्या स्वच्छ, टॉवेल स्वच्छ, किटली आणि चहाची पाकिटे रोज भरलेली, दाराचे कुलूप मजबूत, आगीची सूचना देणारी यंत्रणा तपासलेली, एवढे ज्या हॉटेलात असेल त्याने स्वस्त दरात जे द्यायचे ते दिले, असे मी मानते. लंडनच्या राष्ट्रीय संग्रहालयांना २००१ च्या डिसेंबरपासून प्रवेशशुल्क नाही आणि ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी, सायन्स म्युझियम पाहणाऱ्या जोडप्याला खोलीवर वाचवलेले पैसे सत्कारणी लावायला त्या शहरात अनेक जागा आहेत. पार्टिशनच्या भिंती पातळ असतात, हे मात्र मी लपवणार नाही. शेजारच्या खोलीतला खोकला ऐकू येतो, तेव्हा आपलेही बोलणे पलीकडे ऐकू जात असणार, हा विचार नव्याने संसार सुरू करणाऱ्या दोघांना अवघडून टाकतो. म्हणून माझे वैयक्तिक मत असे, की सात रात्रींच्या पैशांत पाच रात्री घ्याव्यात आणि खोली एक पायरी वरची घ्यावी. मधुचंद्र आणि इतर सहल यांत एवढा फरक करायला हरकत नाही. पॅकेजवाले उलट करतात. रात्री वाढवतात आणि खोली उतरवतात, कारण जाहिरातीत रात्रींचा आकडा मोठा दिसतो.

कायद्याचा आधार काय, हेही वाचकांना ठाऊक असावे. ब्रिटनमध्ये ग्राहकाला दाखवलेल्या खोलीच्या दरात वीस टक्के मूल्यवर्धित कर धरलेला असतो आणि २०२४ च्या ग्राहकविषयक कायद्यातल्या, एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या तरतुदींप्रमाणे टाळता न येणारे प्रत्येक शुल्क पहिल्यांदा दर दाखवतानाच त्यात धरणे बंधनकारक आहे. तिथल्या स्पर्धा नियामकाला त्यासाठी कंपनीच्या जागतिक उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड करण्याचा अधिकार मिळाला आहे. याच नियामकाने २०१९ साली ‘शेवटची एकच खोली उरली’ अशा घाई करायला लावणाऱ्या सूचनांबद्दल आणि फसव्या सवलतींबद्दल आरक्षणाच्या सहा मोठ्या संकेतस्थळांकडून लेखी हमी घेतल्या होत्या. म्हणजे तिथून थेट खोली घेणाऱ्याला बऱ्यापैकी संरक्षण आहे. पॅकेज इथे विकत घेणाऱ्याने मात्र पैसे हॉटेलाला दिलेलेच नसतात. आगाऊ भरलेले व्हाउचर घेऊन आलेल्या पाहुण्याला हॉटेल एक पौंडही परत करू शकत नाही, कारण तो पौंड त्याच्याकडे आलेलाच नसतो. काउंटरवर आवाज चढवून उपयोग नाही, असे मी सांगत असे ते याच कारणाने, आणि लोकांना ते टोलवाटोलवीचे उत्तर वाटे.

पासपोर्ट मागितल्यावर रागावणारेही पुष्कळ असत. ब्रिटनमधल्या १९७२ च्या आदेशानुसार सोळा वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक पाहुण्याचे नाव आणि राष्ट्रीयत्व, तसेच राष्ट्रकुलाबाहेरच्या परदेशी पाहुण्याचा पासपोर्ट क्रमांक आणि पुढचा मुक्काम नोंदवून ती नोंद किमान बारा महिने जपणे हॉटेलाला भाग असते. विवाहाचा दाखला मात्र कोणी मागत नाही. तो फाइलमधून काढून पुढे करणाऱ्या मुलांना मी हसून परत ठेवायला सांगत असे. दागिन्यांबद्दलची गोष्ट अधिक गंभीर आहे. १९५६ च्या हॉटेल प्रोप्रायटर्स कायद्याची एक चौकटीतली सूचना रिसेप्शनजवळ लावलेली असते आणि ती सहसा कोणी वाचत नाही. ती सूचना नीट लावलेली असेल तर पाहुण्याची वस्तू हरवल्यास हॉटेलाची जबाबदारी एका वस्तूमागे ५० पौंड आणि एका पाहुण्यामागे एकूण १०० पौंड एवढ्यापुरतीच राहते. हॉटेलाच्या चुकीने वस्तू गेली असेल किंवा ती सुरक्षित ठेवण्यासाठी हॉटेलाच्या ताब्यात दिलेली असेल, तर ही मर्यादा लागू होत नाही. लग्नातले सोने घालून लंडनला येणाऱ्या मुलींनी ते खोलीच्या ड्रॉवरमध्ये ठेवून हिंडायला जाऊ नये, एवढा या कायद्याचा अर्थ आहे. काउंटरवर देऊन पावती घ्यावी, किंवा ते घरीच ठेवून यावे.

पॅकेज विकणाऱ्याविरुद्ध दाद मागायची तर भारतातला २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पुरेसा आहे. दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतली त्रुटी या दोन्ही गोष्टी त्यात येतात, एकतर्फी अन्याय्य करारांचाही त्यात विचार केलेला आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. सहल कंपनीचे मुख्यालय असलेल्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची आहे आणि १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आधी बोलता येते. मात्र पुरावा लंडनमध्येच गोळा करावा लागतो. खोलीत शिरल्यावर, बॅगा उघडण्यापूर्वी, खोलीचे, पलंगाचे आणि खिडकीचे फोटो घ्यावेत, त्याच संध्याकाळी एजंटाला लेखी संदेश पाठवावा आणि हॉटेलाला कोणत्या प्रकारची खोली आरक्षित म्हणून कळवण्यात आली होती, हे रिसेप्शनवरून ईमेलने मागून घ्यावे. हा शेवटचा ईमेल फार मोलाचा असतो. विक्रेत्याने काय विकले आणि पुढे काय कळवले, यांतली तफावत त्यात लेखी मिळते. मी असे ईमेल विनंतीवरून अनेकांना दिले आहेत. हॉटेलाला त्यात काही लपवायचे नसते, उलट दोष आपल्यावरून दूर होतो म्हणून ते आनंदाने देतात. सगळ्या रात्री तिथेच काढून, परत आल्यावर पंधरा दिवसांनी लिहिलेल्या तक्रारीला एजंटाचे उत्तर ठरलेले असते, की तुम्ही तर तिथे राहिलात.

आपल्याकडून माझी अपेक्षा अशी आहे. आपल्या पुरवणीत सहल कंपन्यांच्या पान-पान जाहिराती येतात. त्यांनी जाहिरातीत हॉटेलाचे नाव, जवळचे स्थानक आणि झोन, खोलीचे चौरस मीटरमधले क्षेत्रफळ, पलंगाची रुंदी, लिफ्ट आहे की नाही आणि स्नानगृह खोलीत आहे की बाहेर, एवढे छापावे, असा आग्रह आपला जाहिरात विभाग धरू शकतो. हॉटेल बदलण्याची वेळ आली तर नवे हॉटेल कळवून ग्राहकाची लेखी संमती घेऊ आणि ती न मिळाल्यास पूर्ण पैसे परत करू, असे एक वाक्य ‘किंवा तत्सम’च्या जागी छापायला फारशी जागा लागत नाही. ही माहिती हॉटेलांकडे असते आणि विचारणाऱ्याला ती मिळते. मी स्वतः ती फोनवरून रोज देत असे, मात्र विचारणाऱ्यांमध्ये भारतातले एजंट क्वचितच असत. ज्या कंपन्या ही माहिती द्यायला नकार देतील, त्यांची नावे न छापता केवळ तसा नकार आल्याचे आपण पुरवणीत नोंदवले, तरी पुढच्या लग्नसराईत नोंदणी करणाऱ्या वाचकांना काय विचारायचे ते समजेल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक नियमित वाचक